फिफ्थ व्हीलसाठी डिझेल पिकअप: टोइंगचा आकडा सोडा, दारातला स्टिकर वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसला राहता, निवृत्तीनंतर दोघांनी फिफ्थ व्हील (पिकअपच्या मागच्या उघड्या भागात जोडायचा, राहण्याजोगा ट्रेलर) घेऊन कोलोरॅडो-युटाकडे फिरायचंय. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल परवानगीचं वजन) १४,००० पाउंड. डीलर म्हणतो की वापरलेला डिझेल एफ-२५० पुरेल, त्याची टोइंग क्षमता याहून जास्तच आहे. ट्रक ओढेल हो. पण मागच्या अ‍ॅक्सलवर वजन किती बसणार, याबद्दल डीलर काही बोललेला नाही, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

फिफ्थ व्हीलच्या वजनाचा २० ते २५ टक्के भार किंगपिनमधून (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची जोडणीची खीळ) थेट ट्रकवर येतो. तुमच्या बाबतीत २,८०० ते ३,५०० पाउंड. मधला ३,१०० धरा. त्यात हिच (ट्रकवर बसवायची जोडणी) २००, तुम्ही दोघं ३५०, हत्यारं आणि किरकोळ सामान १५०. झाले ३,८००. आता ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचा पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. डिझेल, क्रू कॅब, फोर बाय फोर एफ-२५० वर तो बरेचदा २,००० ते २,८०० च्या आसपास निघतो. रजिस्ट्रेशनच्या खालच्या गटात बसावं म्हणून थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे एफ-२५० सारख्या ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर बऱ्याचदा १०,००० पाउंडांवरच ठेवलेला असतो, आणि डिझेल इंजिन मुळातच जड, म्हणून उरतं ते कमी. शिवाय हा आकडा कारखान्यातून निघालेल्या ट्रकचा असतो. नंतर बसवलेला टूलबॉक्स, जादा डिझेल टाकी हे सगळं त्यातून वजा करायचं.

ट्रेलरच्या ब्रोशरमधलं ड्राय वेट दाखवून कोणी समजूत घालू लागलं तर ऐकू नका. त्यात पाणी नाही, तुमचं सामान नाही. ६० गॅलन पाणीच ५०० पाउंड भरतं. हिशोब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरवर करा. मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या एअरबॅग बसवल्याने ट्रकची मागची बाजू सपाट दिसते, पण अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक यांची क्षमता पाउंडभरही वाढत नाही.

म्हणून माझं मत: एक-टन बघा, म्हणजे एफ-३५०, रॅम ३५०० किंवा सिल्व्हराडो ३५००. मागे दोनच चाकं असलेल्या एक-टनात काहींचा स्टिकर ४,००० च्या आसपास जातो, पण ट्रिमगणिक फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक ट्रकचा स्वतः वाचा. ड्युअलीत, म्हणजे मागे चार चाकं असलेल्या एक-टनात, ५,००० च्या वर सहज मिळतो आणि आडव्या वाऱ्यात ती जास्त स्थिर राहते. त्रास एवढाच की ती सुमारे आठ फूट रुंद. कार वॉश आणि मॉलचं पार्किंग विसरा.

इंजिनांबद्दल. फोर्डचं ६.० लिटर (२००३-०७) आणि ६.४ लिटर (२००८-१०) कितीही स्वस्त मिळालं तरी नको. पहिल्यात ऑइल कूलर तुंबतो, त्यामुळे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारी यंत्रणा) कूलर फुटतो, मग हेड गॅस्केट. दुसऱ्यात रिजनरेशनच्या (धुराचा फिल्टर जाळून साफ करण्याच्या) वेळी सिलिंडरमध्ये सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. २०११ पासूनचं ६.७ पॉवरस्ट्रोक चांगलं, पण त्यात बॉशचा सीपी-४ हाय-प्रेशर पंप आहे. अमेरिकन डिझेलची वंगणक्षमता युरोपपेक्षा कमी (घर्षण चाचणीत इथे ५२० मायक्रॉनपर्यंत ओरखडा चालतो, तिथे ४६०). डिझेलमध्ये पाणी शिरलं की पंप स्वतःलाच खातो आणि धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचतो. मग रेल (इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी), इंजेक्टर, पाइप सगळं बदलायचं, बिल दहा हजार डॉलर किंवा जास्त. डिझास्टर प्रिव्हेन्शन किट (कीस पुढे जाऊ न देणारी जोडणी) इंजेक्टर वाचवतं, पंप नाही. २०११ ते १६ च्या ड्युरामॅक्समध्येही (सिल्व्हराडोचं डिझेल इंजिन) हाच पंप. २०१७ पासूनच्या एल-५-पी ड्युरामॅक्समध्ये डेन्सोचा पंप आहे, आणि वापरलेल्यात माझी पहिली पसंती तीच. रॅममधलं कमिन्स ६.७ दणकट, पण २०२४ पर्यंतच्या इंजिनांत इनटेकमधल्या ग्रिड हीटरचा (आत येणारी हवा गरम करणारी जाळी) बोल्ट झिजून सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका असतो. तो भाग बदललाय का विचारा. २०१९-२० च्या रॅममध्ये सीपी-४ होता, रिकॉलमध्ये सीपी-३ (आधीच्या पिढीचा पंप) बसवून दिला. ते काम झाल्याची नोंद व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून तपासा.

ट्रक बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, आधीच सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू केल्यावर पांढरा धूर थोडा वेळ चालेल, थांबलाच नाही तर इंजेक्टरवर संशय. डॅशबोर्डवर इंजिन अवर्स (इंजिन चाललेले तास) काढा आणि मैलांना त्यांनी भागा. एक लाख मैल आणि ५,००० तास म्हणजे सरासरी ताशी २० मैल. तो ट्रक जागेवर घरघरत उभा राहिलेला आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर काजळीने भरलेले असणार. फ्यूएल फिल्टर उघडून घ्या, चमचमता कीस दिसला तर चावी परत द्या. टेलपाइपमध्ये बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं, काळीकुट्ट काजळी लागली तर तो फुटलेला किंवा काढून टाकलेला. असा 'डिलीट' केलेला ट्रक क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे, आणि सगळं परत बसवायचा खर्च तुमच्या गळ्यात. मिठाच्या रस्त्यांवरून, म्हणजे ओहायो-मिशिगनकडून आलेला ट्रक लिफ्टवर चढवून चासी आणि ब्रेक लाइन बघा.

साडेसहा फुटी बेड (पिकअपचा मागचा उघडा भाग) असेल तर वळताना ट्रेलर कॅबला लागू शकतो, सरकणारा हिच घ्यावा लागतो. आठ फुटी बेडला ती कटकट नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून ट्रकचा वेग रोखणारा) हवाच. आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यानंतरचा ७ टक्क्यांचा उतार नुसत्या ब्रेक पॅडवर उतरायचा नसतो.

सौदा झाल्यावर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर दोनदा वजन करा: एकदा टाकी भरलेला, माणसांसह नुसता ट्रक, मग भरलेला ट्रेलर जोडून. ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलांच्या बेरजेत जी वाढ दिसेल, तेवढा खरा पिन वेट, म्हणजे किंगपिनवरचा भार. मागच्या अ‍ॅक्सलचं वजन दाराजवळ छापलेल्या मागच्या जीएडब्ल्यूआरशी (त्या धुऱ्याची कमाल वजनमर्यादा) ताडून पाहा.

आणि लायसन्स. टेक्ससमध्ये ट्रक-ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरची बेरीज २६,००० पाउंडांच्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असला की नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. १४,००० ची ड्युअली आणि १४,००० चा ट्रेलर म्हणजे २८,०००, तेव्हा परीक्षा द्यावीच लागेल. ट्रेलर घरी आणण्याआधीच ती उरका.