लेबल उड्या मारतंय? जीपीएस नंतर, आधी बॉक्सचा पत्ता बघा

तुमची पोस्ट वाचली आणि काही वर्षांपूर्वीची एक पावसाळी रात्र आठवली. तुम्ही लिहिलंय की तुमच्या विमानतळावर फॉलो-मी जीप (विमानांना वाट दाखवणारी) कार्गोजवळ उभी असताना टॉवरच्या पडद्यावर तिचं लेबल मध्येच टॅक्सीवेवर (विमानांच्या ये-जा करायच्या वाटेवर) जातं, परत येतं, आणि पुरवठादार म्हणतोय जीपीएस अँटेना बदला. अँटेना बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण त्याआधी सगळ्या गाड्यांच्या बॉक्समधले (टॉवरला गाडीची ओळख सांगणाऱ्या ट्रान्समीटरमधले) २४ बिटचे पत्ते, म्हणजे ओळख क्रमांक, एका कागदावर उतरवून घ्या. त्यात दोन सारखे निघतील, असा माझा दाट संशय आहे.

मल्टिलॅटरेशन (एकच सिग्नल अनेक रिसीव्हरवर कधी पोचला त्यावरून जागा काढणं) वगैरे तुम्हाला सांगायला नको. बॉक्स १०९० मेगाहर्ट्झवर सारखा ओरडत असतो आणि यंत्रणा त्याला पत्त्यावरून ओळखते. एकच पत्ता दोन ठिकाणांहून आला की ती बिचारी कधी इकडचं खरं मानते, कधी तिकडचं.

आमच्याकडे हे मी स्वतःच्या हाताने केलं होतं. नवा स्वीपर आला, त्याच्यासाठी बॉक्सही आला, पत्ता मात्र नव्हता. पत्त्यासाठी एका कार्यालयात अर्ज केला. पहिलं उत्तर आलं, विमानाचा नोंदणी क्रमांक लिहिलेला नाही. कळवलं की ही झाडू मारणारी गाडी आहे. दुसरं उत्तर आलं, मालकाच्या सहीसह नमुना पुन्हा भरा. तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो तर संबंधित बाई रजेवर, आणि त्यांच्या टेबलावरच्या फायलीला दुसरं कोणी हात लावेना. २४ बिटमध्ये एक कोटी सदुसष्ट लाखांवर पत्ते बसतात, त्यातले २,६२,१४४ भारताच्या वाट्याला आलेत. त्यातला एक मिळायला आम्हाला सात आठवडे लागले! (आता परिस्थिती सुधारली असेल. माझा अनुभव जुना आहे.)

दरम्यान आमची फॉलो-मी जीप, जीप ३, क्लच जळून वर्कशॉपला गेली. मी तिच्या बॉक्समधली सगळी सेटिंग्ज नव्या बॉक्समध्ये जशीच्या तशी उतरवली आणि तो स्वीपरवर चढवला. वीस मिनिटांचं काम. टॉवरला तोंडी सांगितलं, 'जीप ३ दिसली की स्वीपर समजा.' लेखी काही नाही. चौथ्या दिवशी जीप परत आली, तिचा बॉक्स तिच्यातच होता. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, बॉक्स चालू झाला.

रात्री स्वीपर रनवेवर होता. पाऊस असा, की ग्राउंड रडारवर नुसता कचरा, आणि त्या कचऱ्यात स्वीपरचा ठिपका बुडालेला. 'जीप ३' हे लेबल हँगरपाशी स्थिर. शिफ्ट बदललेली, माझा तोंडी निरोप पहिल्या शिफ्टबरोबर घरी गेलेला. नव्या कंट्रोलरला पडद्यावर रनवे मोकळा दिसत होता. तरी त्याने सवयीने आवाज दिला, 'स्वीपर, पोझिशन?' उत्तर आलं, 'रनवेवरच आहे साहेब, अर्धा झालाय.' येणाऱ्या विमानाला गो-अराउंड दिलं, म्हणजे न उतरता परत वर जायला सांगितलं. कोणाला खरचटलं नाही. माझी चौकशी झाली, एक वेतनवाढ गेली, आणि ती जायलाच हवी होती. मला राग याचा आहे की अहवालात सात आठवड्यांचा उल्लेख एका ओळीतही नव्हता.

तेव्हा पडद्यावर विसंबणाऱ्यांशी माझं पटत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दोन विमानांची टक्कर झाली, तिथे रनवेवर विमान शिरलं की रंग बदलून दाखवणारी सोय होती. तटरक्षक दलाचं विमान टकरीआधी रनवेवर सुमारे ४० सेकंद उभं होतं, कंट्रोलरच्या ते लक्षात आलं नाही. नंतर तो पडदा बघायला वेगळा माणूस बसवावा लागला. उलट टोक मिलानच्या लिनाते विमानतळाचं, ८ ऑक्टोबर २००१. जुनं ग्राउंड रडार काढलेलं, नवं चालू व्हायचं होतं, धुकं होतं, ११८ माणसं गेली. तिथे बघायला पडदाच नव्हता. आपल्याकडे पुण्यालाही फेब्रुवारी २०२०मध्ये रनवेवर जीप दिसल्यामुळे वैमानिकाला विमान वेळेआधी उचलावं लागलं होतं आणि शेपटाकडचा भाग घासला होता.

आता तुमचं. टॉवरला विचारून, वाहतूक नसताना सगळे बॉक्स बंद करा आणि एकेक चालू करत जा. दोन गाड्या एकाच लेबलवर आल्या की चोर सापडला. पत्ता सोळाच्या पद्धतीत (० ते ९ आणि A ते F) सहा खुणांचा दिसेल. भारताचे ८० ते ८३ने सुरू होतात, दुसरंच काही दिसलं तर बहुधा कारखान्यातलाच पत्ता राहिलाय. स्वस्त रिसीव्हर लॅपटॉपला लावूनही हे कळतं, पण असलं काही आत नेण्याआधी सुरक्षा विभागाला विचारा, नाहीतर नवीन चौकशी. तुमच्या यंत्रणेचा मेक मला माहीत नाही, त्यामुळे मेनू कुठे आहे हे विचारू नका.

आणि पत्ते सगळे वेगळे निघाले तर मग अँटेना बघा. आमच्या दुसऱ्या एका गाडीवर तो पिवळ्या दिव्याच्या मागे, शिडीच्या खाली लावला होता. बसवणाऱ्याला म्हणे तिथेच चुंबक नीट चिकटत होतं.