गाजर-बीटच्या रसाने पोटाची चरबी वितळते का?

ताई, पोटाचा घेर कमी व्हावा म्हणून तुम्ही रोज सकाळी गाजर-बीटचा रस आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्यात. भाज्याफळांमधले रंग चरबी जाळतात हे कितपत खरं, असं विचारलंत. जाळत नाहीत. पण चरबीच्या पेशींशी या रंगांचा संबंध मात्र खरा आहे.

आधी गाजर. त्याचा रंग म्हणजे बीटा-कॅरोटीन, आणि ते तेलातुपात विरघळतं, पाण्यात नाही. अंगात शोषलं गेलं की त्याचा बराचसा साठा चरबीतच होतो. गाईचं तूप पिवळसर असतं ते यामुळेच. म्हैस जवळजवळ सगळं कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. माणूस या दोघींच्या मधला. थोडं कॅरोटीन तसंच साठवतो, थोडं बीसीओ१ नावाच्या विकराने (एन्झाइमने) तोडून त्याचं अ जीवनसत्त्व करतो. त्यापासून पुढे बनणारं रेटिनॉइक आम्ल चरबीच्या कोवळ्या पेशींना पूर्ण वाढून तेल साठवण्यापासून रोखतं. २०११ साली उंदरांवरचा एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन दिल्यावर साध्या उंदरांची चरबी घटली, पण बीसीओ१चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांची घटली नाही. म्हणजे काम रंगाचं नव्हे, तो तोडल्यावर जे तयार होतं त्याचं.

लठ्ठ माणसांच्या रक्तात कॅरोटीन बहुधा कमी सापडतं. यावरून ‘कॅरोटीन कमी म्हणून वजन वाढलं’ असं सांगणारे खूप भेटतील. पण साठवायला चरबी जास्त असली की रक्तात उरणार कमीच, आणि अनेकदा ताटात भाजीही कमी असते.

दुसरा धागा सुजेचा. चरबीच्या पेशी फार फुगल्या की त्यांच्याभोवती मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि इन्सुलिनचं काम बिघडतं. टोमॅटोतलं लायकोपीन, हळदीतलं कर्क्युमिन, जांभळा-कोकमातली अँथोसायनिनं ही सूज कमी करताना दिसली आहेत, पण मुख्यतः काचेच्या बशीतल्या पेशींत आणि उंदरांत. माझ्या मते खरी आशा इथे आहे, वजनकाट्यावर नाही.

उंदरांच्या प्रयोगांत मात्रा किती असते तेही बघा. २००९ सालच्या अमेरिकेतल्या प्रयोगात किलोभर खाद्यात ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन होतं. आपण दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खातो असं धरलं, तर २५० मिलिग्रॅम झालं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे रोज आठेक ग्रॅम हळद! (एवढी घातलेली आमटी कोण खाईल?) शिवाय ते उंदीर बारीक झाले नव्हते, तेलकट खाद्यावर त्यांचं वजन कमी वाढलं, इतकंच.

बीटचा लाल रंग वेगळ्याच कुळातला, बीटालेन. तो पाण्यात विरघळतो आणि चरबीत साठत नाही. काहींच्या तर लघवीलाच लाली येते.

कुणी कोकमाच्या भावंडाच्या, गार्सिनिया कंबोजियाच्या गोळ्या सुचवल्या तर तेवढं टाळा. त्यात काम रंगाचं नसून हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचं असल्याचं सांगतात. १९९८ साली १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली: गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नकली गोळीवाल्यांचं ४.१.

कॅप्सूल मात्र मी बंद करायला सांगेन. हळदीच्या अर्कात मिरीतलं पायपरीन घालतात, त्याने कर्क्युमिन कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या त्यांना चुकूनही देऊ नका. फिनलंडमधल्या १९९४च्या मोठ्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपानकर्त्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला.

गाजर हवंच असेल तर रस गाळून चोथा टाकण्यापेक्षा कोशिंबीर करा आणि वरून चमचाभर तेलाची हिंग-मोहरीची फोडणी द्या. तेवढ्या तेलाने कॅरोटीन नीट शोषलं जाईल, आणि पोटही रसापेक्षा जास्त वेळ भरलेलं राहील.