चावी घेतली की आधी मीटरचे फोटो काढ

बाबू, तू विचारलंस, "दादा, जर्मनीत ७८० युरो भाडं आणि वर १९० युरो नेबेनकोस्टेन, म्हणजे घराचे वरखर्च, असं घर मिळतंय. पण वर्षाच्या शेवटी हजार-हजार युरोचं बिल येतं म्हणतात. खरं का? फसवतात का?" दोन ओळींत उत्तर देणार होतो. आता रात्रीचे साडेअकरा झाले तरी लिहितोच आहे. व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते तिथंच वाच.

बिल येतं. ते १९० म्हणजे फक्त उचल आहे. आपल्याकडे सालदार उचल घेतो आणि हिशेब पाडव्याला होतो, तसंच हे. हीटर, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट यांचा खरा हिशेब नंतर येतो. घरमालकाला तो वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावाच लागतो. स्वतःची चूक नसताना त्याने उशीर केला, तर वरचे पैसे मागता येत नाहीत. वीज बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तिचा करार तू स्वतः करायचा.

आम्ही २०१६ च्या जानेवारीत आलो. त्या वर्षाचा हिशेब २०१७ च्या नोव्हेंबरात आला, १,३४० युरो आणखी भरा म्हणून. चार पानं, सगळी जर्मनमध्ये. मी पानं उलटवली, शेवटचा आकडा पाहिला आणि तीन हप्त्यांत भरून टाकला. कोणाला विचारलंही नाही. विचारायला गेलो आणि भाषा अडली तर, या लाजेपायी. आणि मी कोण, गावाकडून आलेला माणूस, हेही मनात होतं. पोळ्याला यायचं ठरलं होतं, ते मोडलं. बाबांना सांगितलं, सुट्टी मिळत नाही. सुट्टी होती बाबू, तिकिटाचे पैसे नव्हते. बाबांनी सुताराकडून पोरीसाठी लाकडी नंदी करून ठेवला होता, तान्ह्या पोळ्याला ओढायला. तो अजून तिकडे माळ्यावर आहे.

पुढच्या वर्षी १,६१० आले. तेव्हा कामावरच्या एका बाईने दटावलं, कागद दाखव म्हणाली. तिनेच मला भाडेकरूंच्या संघटनेत नेलं. इथं तिला मीटरफेराइन म्हणतात, गावोगावी असते, वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचं. तिथल्या वकिलांनी घरमालकाकडे मूळ पावत्या पाहायला मागितल्या. तो हक्कच आहे आपला. त्यात जिन्याच्या दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी मारलेला निघाला. दुरुस्ती आणि घरमालकाचा कारभारखर्च या हिशेबात धरताच येत नाही. दुसरी गोष्ट मी घरी येऊन गुडघ्यावर बसून पाहिली. प्रत्येक हीटरवर त्याचा वापर मोजणारी एक छोटी डबी असते, तिच्यावर नंबर असतो. कागदावर झोपायच्या खोलीतल्या डबीचा जो नंबर होता, तो आमच्या डबीवर नव्हताच. दुसऱ्या कोणाच्या घरचा हीटर आम्ही वर्षभर भरत होतो. सातशे युरो कमी झाले. पहिल्या वर्षीचं मात्र गेलं ते गेलं. हिशेब हातात पडल्यापासून हरकत घ्यायला बारा महिने मिळतात, आम्ही दीड महिना उशिरा गेलो.

पैसे वाचवायला पहिल्या हिवाळ्यात मी हीटर बंद ठेवून स्वेटर घालून बसायचो. भिंतीला बुरशी आली आणि बिलही आलंच. कारण हीटरच्या खर्चातला ३० ते ५० टक्के भाग घराच्या क्षेत्रफळावर लागतो, वापर असो नसो. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

न्हाणीघरात विजेचा गिझर आहे का ते मुद्दाम बघ. आमचा २१ किलोवॅटचा होता. आपल्या वावरातली पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅटची, म्हणजे साडेपाच मोटरी एकदम चालू केल्यासारखं. दहा मिनिटं अंघोळ केली की साडेतीन युनिट गेले. वहिनीला आणि लेकीला हे आधीच सांग.

एकटं वाटतं का, असंही विचारलंस. वाटतं. पहिला हिवाळा काढला की जमतं.

शाळेचं तू विचारलं नाहीस, पण मी सांगतो. इथं बहुतेक राज्यांत चौथीनंतर पोरांची वाट वेगळी होते. माझी पोरगी गणितात पहिली, जर्मन जरा कच्ची. बाईंनी तिला गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, न पाठवता दुसऱ्या शाळेत घालायची शिफारस केली आणि मी मान डोलावून सही केली. आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नव्हती, शेवटचा शब्द आईवडिलांचा होता, हे मला आठ महिन्यांनी कळलं. तिथंही तेच केलं मी, शेवटची ओळ पाहिली आणि गप्प बसलो. ती काही म्हणत नाही. तिच्या मैत्रिणी गिम्नाझियमला जातात, त्यांच्याबद्दल ती घरी बोलत नाही, एवढंच. बिलातले सातशे युरो परत मिळाले, पण ती सही काही मला परत घेता येत नाही.

माझे बाबा दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचे. जुनी बिलं तारेला टोचलेली असायची, खालचं पिवळं पडलेलं, वरचं कोरं. एकदा रीडिंग न घेताच भरमसाट बिल आलं, तेव्हा ते कॅलेंडर काखेत मारून सायकलने तालुक्याला गेले आणि बिल कमी करूनच आले. सातवी शिकलेला माणूस. इंजिनियर झालो आणि मला ते सुचलं नाही.

तर चावी घेशील त्या दिवशी वीज, पाणी आणि प्रत्येक हीटरवरची डबी यांचे फोटो काढ, नंबर आणि आकडा दोन्ही दिसेल असे. ताबा देण्याच्या कागदावर तेच आकडे लिहून दोघांच्या सह्या घे. मग सगळे फोटो मला पाठव, रात्र झाली तरी पाठव. मी बसून पाहतो.