गच्ची गळतेय, मग कंत्राटदाराकडे मागायचे किती?

दादा, आधी राग बाजूला ठेव. 'सगळे पैसे परत द्या' ही मागणी सहसा टिकत नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये असंच उदाहरण आहे: घराची दुरुस्ती ठरल्याप्रमाणे केली नाही, तर ती कराराप्रमाणे करून घ्यायला जो खर्च येईल, तो मागता येतो.

समज, वॉटरप्रूफिंग १,२०,००० ला ठरलं, तू ९०,००० दिलेस. दुसरा माणूस तेच काम नीट करायला ८५,००० घेतोय. तुझ्याकडचे ३०,००० वजा कर, उरले ५५,०००. हे वजा करायला बहुतेक जण विसरतात! गळतीने खराब झालेलं छत रंगवायला १८,००० लागले, तर एकूण ७३,०००. मात्र मूळ करारात नसलेलं भारी मटेरियल आता वापरलंस, तर तो जादा खर्च तुझाच.

तोडफोडीआधी फोटो काढ, एखाद्या इंजिनिअरकडून लेखी अहवाल घे, कंत्राटदाराला लेखी नोटीस देऊन दुरुस्तीची संधी दे. आणि पावसाळाभर बादल्या लावून बसू नकोस. टाळता आलं असतं ते नुकसान भरून मिळत नाही. ग्राहक आयोगात जायचं असेल, तर मुदत दोन वर्षांची आहे.