भेदरलेल्या वयस्क कुत्रीला घर आपलेसे कसे वाटेल?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त आहोत. गेल्या महिन्यात आम्ही प्राण्यांच्या एका निवाऱ्यातून सुमारे दहा वर्षांची देशी कुत्री घरी आणली. ती दिवसभर दिवाणाखाली बसून असते, आम्ही झोपल्यावरच खाते आणि कुकरची शिट्टी झाली की थरथर कापते. यजमानांनी तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला, तेव्हा ती गुरगुरली. तिला परत नेऊन सोडा, असे नातेवाईक सांगतात. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिला परत नेऊ नका. दिवाणाखाली पाठीमागून कोणी येऊ शकत नाही, म्हणून तिने ती जागा निवडली आहे. तिथे एखादी जुनी गोधडी अंथरा, पाण्याचे भांडे जवळ ठेवा आणि तिथून तिला कोणीही ओढायचे नाही, असा नियम घरात सर्वांसाठी करा. गुरगुरल्याबद्दल तिला रागावू नये. चावण्याआधी दिलेली ती सूचना असते आणि धाकामुळे कुत्र्याने ती द्यायचे सोडले, तर पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावण्याची शक्यता वाढते.

या वयात भीतीआधी दुखण्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. ती उठते कशी, हे नीट पाहा. पुढचे पाय रोवून मागचा भाग ओढत उठत असेल, तर सांधे दुखत असण्याची दाट शक्यता आहे. आणि ज्या कुत्रीचे सांधे दुखतात, तिला गुळगुळीत फरशीवर पाय घसरण्याचीच एवढी धास्ती असते की ती जागची हलत नाही. दिवाणापासून दारापर्यंत न सरकणाऱ्या मॅट टाकल्याने पुष्कळ फरक पडतो. पशुवैद्यांकडून दात, डोळे आणि कान तपासून घ्या. कमी दिसणारे किंवा कमी ऐकू येणारे कुत्रे मागून हात लागताच दचकते. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे कार्य आणि गोचीडताप पाहायला सांगा. आपल्यासाठी आणलेल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या तिला मनाने कधीही देऊ नका. त्या कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

जवळीक तिच्या कलाने वाढू द्या. रोज ठरावीक वेळी दिवाणापासून थोडे दूर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा, वर्तमानपत्र वाचा आणि हाक न मारता उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा बाजूला ठेवा. त्यात कांदा-लसूण नको, कारण ते कुत्र्यांना बाधतात. ती येऊन हात हुंगेल, तेव्हा डोक्यावर हात न ठेवता छातीपाशी हलकेच खाजवा आणि दोन-तीन सेकंदांतच थांबा. ती पुढे सरकली, तर पुन्हा खाजवा. तोंड फिरवले, जिभेने ओठ चाटले किंवा जांभई दिली, तर तिला तूर्त एवढेच पुरे, असे समजा. यात आठवडे जातील, कदाचित काही महिनेही.

कुकर लावताना स्वयंपाकघराचे दार बंद ठेवा आणि शिट्टी होताच तिच्यापुढे खाऊ टाका. भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले की ते अधिक भित्रे होते, हा समज चुकीचा आहे. ती स्वतःहून तुमच्यापाशी आली, तर तिला खुशाल धीर द्या. दिवाळीच्या फटाक्यांसाठी पशुवैद्यांचा सल्ला बराच आधी घ्या आणि भीती कमी करणारे औषध स्पष्टपणे मागा, कारण निव्वळ गुंगी आणणाऱ्या औषधाने शरीर निपचित पडले, तरी आतली भीती तशीच राहू शकते.

फिरायला नेताना केवळ गळपट्ट्यावर विसंबू नका. घाबरलेले कुत्रे मान मागे खेचून त्यातून निसटते. छातीवर नीट बसणारा हार्नेस वापरा, गळपट्ट्याला तुमच्या फोन क्रमांकाची चकती लावा आणि सुरुवातीला वर्दळ नसलेली वेळ निवडा. तिचे रात्री खाणे सध्या चालेल. मात्र तेही तिने सोडले आणि एक दिवस उलटला, तर वाट न पाहता तिला पशुवैद्यांकडे न्या.