सासूबाईंसाठी मराठी दुभाषी मागा, 'हिंदी चालेल' म्हणू नका

ताई, तुमचा निरोप वाचला. निपाणीहून नर्स म्हणून इंग्लंडला यायचं जवळजवळ ठरलंय, मिडलँड्समधल्या एका रुग्णालयाची ऑफर हातात आहे, सोबत मिस्टर आणि आठ वर्षांची लेक. सासूबाईंना साखर आहे आणि मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यात आपल्यासारख्यांना नीट बघतात का, आणि वरच्या जागांवर आपली माणसं आहेत का, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यातली, इथे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, वॉर्डवर काम करते. त्यामुळे दोन्हीबद्दल बोलू शकते.

पैशांचं आधी उरकते. नर्सला 'हेल्थ अँड केअर वर्कर' व्हिसा मिळतो आणि त्यावर आरोग्य अधिभार (एनएचएस वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) माफ असतो, नवऱ्याला आणि मुलीलाही. बाकी बहुतेक व्हिसांवर मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड मोजावे लागतात. जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालणं, तपासण्या, ऑपरेशन, बाळंतपण यांचे पैसे पडत नाहीत. गोळ्यांना इंग्लंडमध्ये दर औषधामागे दहा पौंडांच्या आसपास पडतात, मुलांना तेही नाहीत. आणि तुमच्या ओळखीत कुणाला एजंट 'केअर होमला लावतो' म्हणून लाखांनी पैसे मागत असेल तर थांबवा. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअर वर्कर घेणं बंद झालंय.

सासूबाईंचं स्पष्टच सांगते, कारण यात लोक खोटी आशा लावून घेतात. तुमच्या व्हिसावर त्या येऊ शकत नाहीत. आईवडिलांसाठी वेगळा व्हिसा आहे, खरं त्याच्या अटी इतक्या कडक आहेत की साखर आणि वय एवढ्यावर तो मिळत नाही. त्या व्हिजिटर म्हणून एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येतील. तेव्हा इमर्जन्सीत तपासतील ते मोफत, पण अॅडमिट केलं की बिल लागतं, तेही एनएचएसच्या नेहमीच्या दराच्या दीडपट. म्हणून साखर आधीपासून आहे हे लिहून विमा काढा. ते लपवून स्वस्तात काढलेल्या विम्याचा उपयोग होत नाही. एरवी त्या निपाणीतच राहणार असतील तर २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तिच्यात तुमचं नाव बसतं का आणि कोल्हापूरच्या कुठल्या दवाखान्यात ती चालते, हे निघायच्या आधी मिस्टरांना प्रत्यक्ष जाऊन विचारायला सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याकडचा नियम तुम्हाला माहीत आहे: ज्या भागात एखादी भाषा बोलणारे १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतही काढायच्या. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यात हा नियम कागदावर किती आणि खिडकीवर किती, हे आपण लहानपणापासून बघतोय. केसपेपर कानडीत, आणि म्हातारी रांगेतल्या कुणाला तरी विचारते, 'बाळा, यात काय लिवलंय?' तरी आपल्याकडे एक सोय आहे. डॉक्टर, सिस्टर, आशाताई यांच्यातल्या कुणाला तरी दोन-तीन भाषा येतातच, आणि वेळ निभावते.

इथे तसं कुणी भेटेल म्हणून विसंबू नका, पण नियम जास्त पक्का आहे. दुभाषी मिळायला तुमच्या भाषेचे किती लोक आहेत हे बघत नाहीत. एकटा पेशंट असला तरी दुभाषी द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि घरच्या माणसाला, विशेषतः पोरांना, त्या कामाला लावायचं नाही. फक्त मागावा लागतो. अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी इंटरप्रिटर' म्हणून सांगायचं आणि डबल वेळ मागायची. बहुतेक वेळा तो फोनवरच असतो.

रिसेप्शनवर हमखास विचारतात, 'हिंदी चालेल ना?' आपण भिडेखातर हो म्हणतो. एका मराठी आजींचं बघा. त्यांच्या नोंदीत भाषा म्हणून हिंदी पडली होती. फोनवर हिंदी दुभाषी, डॉक्टर विचारतायत गोळ्या वेळेवर घेता का, आणि आजी प्रत्येक प्रश्नाला 'जी, जी'. तरी साखर मधूनच एकदम खाली जायची आणि कारण सापडत नव्हतं. शेवटी मराठी दुभाषी मिळाली. तिने नुसतं 'जेवण कसं असतं, आजी?' एवढं विचारलं आणि आजी मोकळ्या झाल्या: सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपास कडक. 'त्या दिवशी गोळी तेवढी घेते, दुसरं काय पोटात घालत नाही.' ग्लिक्लाझाइड उपाशीपोटी! ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात काही नसलं की साखर कोसळते. रमजानच्या रोज्यात गोळ्या कशा घ्यायच्या याची पत्रकं इथे भरपूर मिळतात, कारण त्या समाजाने ती मागणी लावून धरली. एकादशीचं कुणी विचारत नाही, आपणच सांगायचं.

मिश्रीचंही तेच. तुम्ही तंबाखूच्या गावच्या, तुम्हाला काय सांगायचं! जीपीच्या फॉर्मवर 'स्मोकिंग?' असा प्रश्न येतो, आपली बाई खरोखरच 'नाही' म्हणते आणि रोज सकाळी मिश्री लावते. दक्षिण आशियाई लोकांच्या चघळायच्या आणि लावायच्या तंबाखूबद्दल उपचारांबद्दल सल्ले ठरवून देणाऱ्या इथल्या 'नाइस' संस्थेने २०१२ सालीच मार्गदर्शन काढलंय, पण फॉर्म भरून घेणाऱ्याला मिश्री माहीत नसते. सासूबाई आल्या तर हे तुम्हीच बोलून दाखवा आणि तोंडातली न भरणारी जखम, पांढरा डाग दिसला तर लगेच दाखवा.

तुमचं आणि मिस्टरांचंही बघा. आपल्या लोकांना टाइप २ मधुमेह गोऱ्यांपेक्षा दोन ते चार पट जास्त, आणि वजन फार नसतानाही होतो. म्हणून इथे आपल्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) धोक्याची रेषा २५ नाही, २३ आहे. नोंदणीच्या फॉर्मवर 'इंडियन' हा रकाना भरला तरच कॉम्प्युटर त्या हिशेबाने बघतो. तिथे 'सांगायचं नाही' वर खूण करू नका. जनगणनेत मातृभाषा मराठी लिहा म्हणून आपल्याकडे गल्लोगल्ली का सांगत फिरतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुभाषी एकट्यालाही मिळतो हे खरं, पण पत्रकं कुठल्या भाषेत छापायची, शिबिरं कुठे घ्यायची, हे मोजदादीवरच ठरतं. 'इंडियन' या एका रकान्यात गुजराती, पंजाबी, आपण सगळे एकत्र येतो. म्हणून भाषेच्या जागी मराठी लिहायचंच.

सगळं गोड नाही. २०१९ ते २०२१ मध्ये इथे बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या मानाने कृष्णवर्णीय बायकांत जवळजवळ चौपट आणि आशियाई बायकांत जवळजवळ दुप्पट होतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे सरकारने नेमलेल्या समितीने मार्च २०२४ मध्ये मांडलं. वॉर्डवर हे कायम लक्षात ठेवा. आकडा ९५ असला आणि पेशंटला धाप लागत असली तर पेशंटकडे बघा.

वरच्या जागांचं म्हणाल तर आकडे ते स्वतःच जाहीर करतात, आणि मला ही पद्धत फार मोलाची वाटते. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडच्या एनएचएस ट्रस्टमध्ये, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांत, वांशिक अल्पसंख्य कर्मचारी २६.४ टक्के होते, सर्वांत वरिष्ठ व्यवस्थापकांत ११.२ टक्के. शॉर्टलिस्टमधून निवड व्हायची शक्यता गोऱ्या उमेदवाराला अल्पसंख्य उमेदवाराच्या १.५९ पट. तुम्ही बँड ५ वर, म्हणजे नर्सच्या पगाराच्या पहिल्या पायरीवर, लागाल. भारतातला दहा वर्षांचा अनुभव असला तरी काही वॉर्डांत तुम्हाला नवख्यासारखं वागवतील. मीही ते सोसलंय, राग आजही आहे. बँड ६ साठी पहिल्या वर्षापासून केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवा, युनियनचं सभासदत्व पहिल्या पगारालाच घ्या, आणि काही खटकलं तर प्रत्येक ट्रस्टमध्ये 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' असतो, त्याच्याकडे जा.

अजून एक, हे मी हट्टाने सांगते. प्रत्येक जीपी सर्जरीला (जीपीच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) पेशंटांचा एक गट ठेवावाच लागतो. जागा रिकाम्या असतात आणि आपले लोक जात नाहीत. मिस्टरांना संध्याकाळी वेळ असेल तर त्यांना घाला. डाएटच्या कागदावर ब्रेड, पास्ता, बटाटा असतो आणि ज्वारीची भाकरी नसते, हे तिथे बसून कुणीतरी म्हणायला हवं.

निघताना लेकीचं लसीकरणाचं कार्ड, तिघांचे टीबी तपासणीचे कागद, आणि येणार असतील तर सासूबाईंचे गेल्या वर्षभरातले एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) रिपोर्ट आणा. गोळ्यांची नुसती ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, म्हणून निपाणीच्या डॉक्टरांकडून आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. ऑफर कुठल्या गावातल्या रुग्णालयाची आहे ते कळवा, म्हणजे घर बघण्याआधी तिथे कुठली सर्जरी नवीन पेशंट घेतेय ते मी बघून ठेवते.