सेप्टिक टँकचे शोषचर तुंबले तर नवीनच खोदावे लागतात का?

तुम्ही लिहिलंय की टाकीतून येणारं पाणी मातीत मुरवणाऱ्या खडीच्या चरांवर गवताचा एक पट्टा गर्द हिरवा झालाय, पाऊस थांबून महिना झाला तरी तिथली जमीन पायाखाली दबते, आणि संध्याकाळी वास येतो. एकाने जिवाणूंची पावडर टाका म्हणून सांगितलं, दुसऱ्याने नवीन चर खोदा म्हणून. माझं म्हणणं असं, की यातलं काहीच आत्ता करू नका. आधी टाकीचं झाकण काढून पाणी कुठवर आहे ते बघा.

टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी पाण्याची पातळी असेल तर टाकी ठीक वाहतेय. तरीही घरातलं पाणी हळू उतरत असेल, तर अडथळा घर आणि टाकीच्या मधल्या पाइपमध्ये आहे. पातळी बाहेरच्या पाइपच्या वर चढलेली असेल तर एक तर पाइपच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय, नाही तर पुढचे चर पाणी घेत नाहीत. टाकी उपसताना बाहेरच्या पाइपातून पाणी उलटं टाकीत येऊ लागलं, तर चर भरलेले आहेत हे नक्की.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगते. टाकीत डोकं घालून बघू नका, आत उतरू तर मुळीच नका, एखादी वस्तू पडली तरी नाही. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. पेटती काडी जवळ नेऊ नका. झाकण उघडं टाकून फोन घ्यायलाही घरात जाऊ नका, विशेषतः घरात मुलं असतील तर.

आता चर तुंबतात कसे ते बघू, कारण उपाय त्यातच आहे. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप वर साय धरतं, आणि मधलं पाणी सच्छिद्र पाइपांतून खडीच्या चरांत जातं. खडी संपून माती सुरू होते तिथे जिवाणूंचा एक काळा, बुळबुळीत थर तयार होतो. हा थर वाईट नाही. पातळ असेल तोवर तोच गाळणीचं काम करतो आणि त्याच्या खालची कोरडी, हवा खेळती माती रोगजंतू अडवते. पण टाकीतून गाळ किंवा तेल निसटून पुढे येऊ लागलं की थराला खाणं जास्त मिळतं आणि तो जाड होतो. त्यातून चर सतत पाण्याखाली राहिला की हवा बंद होते. हवेवर जगणारे जिवाणू तो थर खाऊन पातळ ठेवत असतात. हवा गेली की तेही गेले. म्हणजे चराला औषध नको असतं. त्याला कमी पाणी, स्वच्छ पाणी आणि मधूनमधून कोरडं राहायला वेळ हवा असतो.

आमच्याकडे 6 वर्षांपूर्वी अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. चर मेलेत, दुसऱ्या जागी नवीन करू, असं खोदकाम करणाऱ्याने पाहताक्षणी सांगितलं. मी आठवडा मागून घेतला. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. रंग आपोआप भांड्यात उतरला. झडपेचं रबर गेलं होतं, आणि आवाज इतका बारीक की कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मिनिटाला अर्धा लिटर जरी गळलं तरी दिवसाला 720 लिटर होतात, तेही रात्रंदिवस. चरांना कोरडं व्हायला सवडच मिळत नव्हती. टाकी उपसल्यावर दुसरं कारण दिसलं: बाहेरच्या तोंडाचा टी पाइप तुटून पडला होता. हा टी वरची साय अडवतो आणि मधलंच पाणी पुढे सोडतो. तो नव्हता, म्हणून सगळं तेल चरांत जात होतं.

रबर बदललं, टी नवीन बसवला, त्याला गाळणी लावली. आमच्याकडे वाटपाच्या चेंबरमधून चार चर निघतात. त्यातल्या दोघांची तोंडं टोपणं लावून बंद केली आणि 8 महिने उघडली नाहीत. कपडे एकाच दिवशी धुवायचं बंद करून रोज थोडे धुवायला लागलो. चरातलं पाणी वरून बघता यावं म्हणून त्यात एक उभी नळी बसवलेली आहे, तिच्यात आधी वीतभर पाणी उभं असायचं. आठव्या महिन्यात तळाची खडी कोरडी दिसली. मग अदलाबदल केली. आता दर सहा महिन्यांनी दोन चर काम करतात, दोन विश्रांती घेतात. एक लक्षात ठेवा, अर्धे चर बंद केले की उरलेल्या अर्ध्यांवर सगळा भार येतो. घरातलं पाणी आधी कमी केलं नाही तर तेही बुडतील.

टाकी उपसायची ती वास आल्यावर नाही, मोजून. लांब काठीच्या खालच्या टोकाला पांढरं जाडसर कापड गुंडाळा, बाहेरच्या पाइपच्या बाजूला तळापर्यंत सोडा, काही मिनिटांनी हळूच वर घ्या. काळा पट्टा जिथवर तिथवर गाळ. गाळाची वरची पातळी बाहेरच्या टीच्या खालच्या तोंडापासून 30 सेंटिमीटरच्या आत आली, किंवा सायीचा तळ त्या तोंडापासून 15 सेंटिमीटरच्या आत आला, की उपसायची वेळ झाली. साधारण कुटुंबात हे 3 ते 5 वर्षांत होतं, पण माणसं किती, टाकी केवढी, यावर सगळं अवलंबून. बाहेरच्या तोंडाला गाळणी असेल तर वर्षातून एकदा काढून धुवा, आणि ते पाणी टाकीच्याच आत पडू द्या.

पावडरीबद्दल. टाकीत जिवाणू आधीच भरपूर असतात, रोज नवे येत असतात. बाहेरून विकत आणायची गरज नसते. तेल विरघळवणारी काही रसायनं तर उलटा घोटाळा करतात: टाकीत साय धरून राहिलेलं तेल पातळ होऊन पुढे जातं आणि चरात पुन्हा गोठतं. नाल्या साफ करणारं ॲसिड आणि रंगाचा थिनर टाकीत जाऊच देऊ नका. थिनरसारखी द्रव्यं मातीतून थेट भूजलात उतरतात. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कापूस, स्वयंपाकाचं उरलेलं तेल यांची जागा कचऱ्यात आहे, पाकिटावर काहीही छापलेलं असो. कपड्यांचे कृत्रिम तंतू टाकीत कुजत नाहीत, म्हणून वॉशिंग मशीनच्या नळीला बारीक जाळी लावा.

जमिनीच्या वरची बाजू लोक विसरतात. छपराचं आणि अंगणाचं पाणी चरांकडे येत असेल तर छोटी नाली काढून ते दुसरीकडे वळवा. बऱ्याच जागी निम्मं दुखणं इथेच असतं. चरांवर गाडी लावू नका, फरशी घालू नका, वर मातीचा भराव टाकू नका. ओली माती चाकाखाली एकदा दबली की तिची छिद्रं सहज परत येत नाहीत. वर गवत सगळ्यात चांगलं, मुळं उथळ आणि पाणी पिणारं. मोठी झाडं लांब ठेवा. भाजीपाला तिथे लावू नका, विशेषतः पालेभाज्या आणि कंद. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर पाणी तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत उकळून प्या.

पाइपात मुळं शिरली असतील किंवा गाळ भरला असेल तर दाबाच्या पाण्याने धुऊन फरक पडतो. मातीवरचा काळा थर मात्र त्याने जात नाही, तो विश्रांतीनेच जातो.

हे सगळं करून वर्षभर थांबलात आणि तरीही नळीत पाणी उभंच राहिलं, तर मग खोदायचा विचार करा. माती फार चिकण असेल किंवा भूजल चरांच्या तळाला टेकत असेल, तर त्याच जागी खोदलेले नवे चरही तसेच बुडतील. आधी मातीची पाणी मुरण्याची चाचणी करून घ्या. खड्डा खोदून एक दिवस आधी पाण्याने भिजवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ठराविक वेळात पातळी किती उतरते ते मोजतात. जुने चर तरीही मोडू नका. नवे झाले की जुन्यांना तोंड बंद करून ठेवा आणि दोन्ही आलटूनपालटून वापरा.

आज रात्री सगळे झोपल्यावर फ्लशमध्ये रंग टाका. उद्या टाकीची पातळी बघून इथे लिहा: बाहेरच्या पाइपच्या तळाशी आहे की वर, आणि टी जागेवर आहे का.